मोहाबाईची पांढरी बैठक

एका जंगलात, जिथं तोवर कुणी घर सजवलं नव्हतं आणि त्यामुळं कुणाचं काही अडलंही नव्हतं, तिथं अस्वलांचं एक कुटुंब राहत होतं. मुलांनो, सरळ बसा. गोष्ट ऐकताना भिंतीला टेकू नये.

बापाचं नाव झिपरोजी. आईचं नाव मोहाबाई. पोरं तीन. थोरली ठकी, मधला गोटाराम आणि धाकटा बोंडू. शिवाय पाळलेली जनावरं दोन होती. एक खवलेमांजर, त्याचं नाव गुंडाळ्या. एक घोरपड, तिचं नाव चिकटी.

त्या जंगलात जनावरं पाळायची पद्धत होती. वाघानंही एकदा ससा पाळला. सकाळी पाळला, दुपारी त्याचं नाव ठेवलं, संध्याकाळी विषय संपला. अस्वलांचं तसं नव्हतं. ती वाळवी आणि मध खात. त्यांच्या घरात जनावर टिकायचं.

त्यांची गुहा ऐसपैस होती. आत निजायची जागा, पुढं एक मोठी खोली. त्या खोलीत मधोमध एक वारूळ होतं. चांगलं छातीइतकं उंच. आत वाळवी गच्च भरलेली. दाराशी पाठ घासायला एक खडबडीत बुंधा होता. कोपऱ्यात मऊ मातीचा खड्डा होता, त्यात गुंडाळ्या लोळायचा. चिकटी भिंतीला चिकटलेली असायची. दुसरं काही तिला येत नव्हतं.

संध्याकाळ झाली की सगळं घर वारुळाभोवती बसायचं.

वारुळातली वाळवी खाणं सोपं नसतं. आधी नखानं भोक पाडायचं. मग जोरात फुंकर मारायची, म्हणजे धूळ उडते. मग नाकपुड्या मिटायच्या, ओठांचा चंबू करायचा आणि ओढायचं. त्यासाठीच देवानं अस्वलाला वरचे मधले दोन दात दिलेले नाहीत. आवाज मोठा होतो. झिपरोजी जेवायला बसला की नदीपलीकडच्यांना वेळ कळायची.

बोंडूला हे जमत नव्हतं. तो आधी ओढायचा आणि मग फुंकायचा. तोंड मातीनं भरायचं. ठसका लागायचा. मग तो थुंकायचा आणि आईजवळ जाऊन दूध मागायचा.

पण मोहाबाईचं दूध आटत आलं होतं. अस्वलाच्या पोराला दूध आटायच्या आत वारूळ जमावं लागतं. नाही जमलं तर ते अंग धरत नाही. पुढं काय होतं ते मी सांगत नाही. तुम्ही काही कुक्कुली बाळं नाही.

म्हणून मोहाबाई रोज त्याला पुढ्यात घेऊन बसायची.

"फू आधी, बाळा. सू नंतर."

बोंडू सू करायचा. मग फू करायचा. समोर बसलेल्या झिपरोजीचं तोंड मातीनं भरायचं.

"येईल, येईल," झिपरोजी डोळे पुसत म्हणायचा. "मलाही उशिराच आलं होतं."

असं चाललं होतं. बरं चाललं होतं. आणि एक दिवस सांबरीण बारशाचं आमंत्रण द्यायला आली.

"बसा ना वहिनी," मोहाबाई म्हणाली.

सांबरिणीनं खोलीभर नजर फिरवली. बुंध्याला झिपरोजीचे केस चिकटले होते. खड्ड्यात गुंडाळ्या उताणा पडला होता. वारुळाभोवती बोंडूनं थुंकलेली माती होती.

"नको हो. मी आपली उभीच बरी," ती म्हणाली, आणि आमंत्रण देऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मोहाबाईच्या कानावर आलं. सांबरीण साऱ्याजणींना सांगत होती, "अस्वलांकडं जाऊ नका बाई. त्यांच्या घरात वाळवी आहे."

आता नीट ऐका. अस्वलाच्या घरात वाळवी असणं म्हणजे तुमच्या घरात पिठाचा डबा भरलेला असणं. यात लाजायचं काय? पण सांबरीण नाक मुरडून बोलली, म्हणून मोहाबाई लाजली. असं होतं. आपली भाकरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की शिळी वाटते.

मोहाबाई घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "मला बैठकीची खोली नीट करून घ्यायचीय. कुहूताईंना बोलवा."

कुहूताई म्हणजे कोकिळा. घर कसं सजवावं ते ती साऱ्यांना सांगत फिरे. गोड गळा तिच्या नवऱ्याचा, बोलणं मात्र तिचं. तिनं आयुष्यात एक काडी उचलली नव्हती. स्वतःचं घर बांधलं नव्हतं. अंडी कावळिणीच्या घरट्यात ठेवायची आणि उडून जायचं, हा तिचा संसार. आणि म्हणूनच जंगलात तिच्या शब्दाला वजन होतं. ज्याला स्वतःचं घर असतं त्याला त्या घराची सवय होते. त्याची नजर मरते. कुहूताईची नजर ताजी होती.

ती आली. दारातल्या फांदीवर बसली. आत आली नाही.

"घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं, तीन पोरं, दोन जनावरं," मोहाबाई म्हणाली.

"मग खोली वापराची हवी. दिखाऊ नको."

"तेच म्हणते मी."

"पोरं आहेत म्हणजे टोकदार काही नको. घरात टोकदार काय काय आहे?"

झिपरोजीनं विचार केला. "आमची नखं."

"ती आत आणू नका."

"बाहेर कशी ठेवू?"

"पंजे मुडपून चाला. सवय होते." कुहूताईनं मान वाकडी केली. "मधोमध ते काय आहे?"

"वारूळ."

"रिकामं?"

"भरलेलं," झिपरोजी छाती काढून म्हणाला.

कुहूताईनं थोडा वेळ डोळे मिटले. "खोलीच्या मधोमध काही ठेवत नाहीत. मध्य मोकळा हवा. पोरांना खेळायला."

"पोरं त्याच्याभोवतीच खेळतात."

"बघा. भोवती खेळतात. मोकळं झालं की मधे खेळतील."

झिपरोजीनं मान डोलावली. तो शिकलेला नव्हता.

"मग जेवायचं कुठं?" त्यानं विचारलं.

"बैठकीत जेवत नाहीत."

"मग बैठकीत काय करतात?"

"बसतात."

"आणि?"

"आलेल्यांना बसवतात."

"तुमची पोरं कुठं बसतात, ताई?"

"माझी कावळ्यांकडं असतात. छान आहेत म्हणे."

मोहाबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

काम सुरू झालं. वानरं आली. त्यांनी नदीकाठची पांढरी माती कालवली आणि शेपटीनं भिंतींना पोतारा दिला. जमीनही पांढरी केली. सामान हलवायचं काम हत्तीकडं होतं. त्यानं वारूळ सोंडेनं हलवलं, मुळासकट उपटलं आणि विचारलं, "हे कुठं टाकू?"

"नजरेआड," कुहूताई म्हणाली.

शेजारी निवडुंगाचं कुंपण होतं. त्यापलीकडं लोळाबाई रानडुकरिणीचं अंगण. तिथं आधीच गुडघाभर चिखल होता, अर्धवट खाल्लेले कंद होते, आणि आठ का अकरा पिल्लं होती. नक्की किती ते तिनं कधी मोजलं नव्हतं. हत्तीनं वारूळ कुंपणावरून पलीकडं ठेवलं.

"असू दे तिथं," लोळाबाई म्हणाली आणि कूस बदलून निजली.

खोली तयार झाली. खड्डा बुजवला. बुंधा गेला, त्याच्या जागी साल काढलेली एक गुळगुळीत फांदी उभी राहिली. बसायला ओढ्याकाठचं हिरवंगार शेवाळ अंथरलं. त्यावर बसायचं नव्हतं, कारण बसलं की ते दबायचं. भिंतीवर मधाचं एक पोळं लावलं. आत मध नव्हता.

गोटारामनं तीनदा चाटून पाहिलं. "आई, हे रिकामं आहे."

"ते बघायचं असतं."

"पोळं बघून काय करायचं?"

"बघायचं," मोहाबाई म्हणाली. तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

पोरांसाठी एक कोपरा केला होता. तिथं तीन गोल पांढरे दगड ठेवले होते. खेळायला. फक्त उचलायचे नव्हते, कारण ओळ बिघडते. जनावरांसाठी कोनाडा होता. एवढी परकी मंडळी बघून गुंडाळ्या घाबरला होता आणि त्यानं अंगाचा चेंडू केला होता. कुहूताईनं वानरांकरवी तो चेंडू उचलून कोनाड्यात ठेवला.

"हे फार सुंदर आहे. कुठून आणलंत?"

"तो आमचा गुंडाळ्या," ठकी म्हणाली.

"असाच राहू दे त्याला."

चिकटीला भिंत बंद झाली. पायांचे ठसे उमटतात म्हणून. ती झिपरोजीच्या पाठीला चिकटून राहू लागली.

मग मोहाबाईनं सांबरिणीला बोलावलं. सांबरीण आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अगंबाई, काय खोली आहे ही. डोळे निवले."

"बसा ना वहिनी."

"यावर कसं बसवेल हो मला. मी आपली उभीच बरी."

आणि ती उभीच राहिली. पहिल्या वेळी ती घाणीमुळं उभी होती. या वेळी स्वच्छतेमुळं उभी होती. मोहाबाईला हा फरक फार मोठा वाटला. त्या रात्री तिला आनंदानं झोप लागली नाही.

जेवणाची सोय अशी झाली. झिपरोजी डोंगरापलीकडच्या वारुळावर जायचा आणि पळसाच्या पानात वाळवी बांधून आणायचा. येईपर्यंत निम्मी पळून जायची. उरलेली सगळे दाराबाहेर उभ्यानं चाटून घ्यायचे. घरात फुंकर मारायला बंदी होती. धूळ उडते.

ठकी आणि गोटारामचं कसंबसं भागायचं. बोंडूचं भागेना. पानातली वाळवी थोरली दोघं आधी उरकायची. त्याच्या वाट्याला पान यायचं. आणि फू-सू शिकायला समोर वारूळ नव्हतं.

मोहाबाईचं दूध एक दिवस संपलं.

बोंडूनं मग स्वतःच अभ्यास सुरू केला. एका दुपारी मोहाबाईनं पाहिलं, तर तो भिंतीला तोंड लावून ओढत होता. तोंड पांढरं झालं होतं. भिंतीवर ओठांचा ओला गोल उमटला होता. मोहाबाईनं धावत जाऊन आधी भिंत पुसली. मग पोराचं तोंड पुसलं. हा क्रम तिच्या ध्यानात आला. पण तेवढ्यात पोताऱ्याचा एक पोपडा पडला आणि ती तो उचलायला वाकली.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मोहाबाईला जाणवलं, घर एकदम शांत झालंय. पोरांचा आवाज नाही. कोनाडा रिकामा. शेवाळावर ऊन पडलं होतं आणि खोली इतकी सुरेख दिसत होती की मोहाबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिला वाटलं, पोरं कुठं आहेत?

ती बाहेर आली. कुंपणापलीकडून आवाज येत होता. ओळखीचा. फू. सू.

लोळाबाईच्या अंगणात वारूळ उभं होतं, जरा कललेलं. त्याभोवती ठकी होती, गोटाराम होता, डुकराची पिल्लं होती. गुंडाळ्या चिखलात उताणा पडला होता. चिकटी वारुळाला चिकटली होती. आणि झिपरोजी नखं बाहेर काढून, नाकपुड्या मिटून ओढत होता.

"तुम्ही इथं?" मोहाबाई म्हणाली.

झिपरोजीनं तोंड पुसलं. "मी पोरांना शोधायला आलो होतो."

"कधी?"

"मंगळवारी."

तो दिवस शनिवारचा होता.

"ये गं मोहे," लोळाबाई पडल्या पडल्या म्हणाली. "बस. कुठंही बस. सगळीकडं सारखंच आहे."

मोहाबाई उभी राहिली. सकाळीच तिनं अंगाचे केस ओढ्यावर धुतले होते. सगळ्यांत पलीकडं बोंडू होता. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. त्यानं वारुळाला तोंड लावलं, आधी ओढलं, आणि खोकला. डुकराचं एक पिल्लू फिदीफिदी हसलं. बोंडूनं मान वर करून आईकडं पाहिलं.

मोहाबाई चिखलात बसली.

"फू आधी, बाळा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती रोज तिथं बसू लागली. पोराला जमेपर्यंतच, असं तिनं स्वतःला बजावलं. सकाळी ती पांढऱ्या खोलीत जाऊन शेवाळावर पाणी शिंपडायची, दगडांची ओळ नीट करायची, आणि दार ओढून पलीकडं यायची. येताना कुणी भेटलंच तर खोलीबद्दल भरभरून सांगायची. बोंडूला दहातून एकदा जमायला लागलं. मग दोनदा. आठ दिवस अजून हवे होते. फार तर दहा.

आणि मग कुहूताई पाहुणे घेऊन आली.

बिबट्या होता आणि त्याची बायको होती. तिचे दिवस भरत आले होते. त्यांना खोली करून घ्यायची होती. काम लगेच ठरलं तर म्हणून मागं हत्तीही आणला होता. सांबरीण आपली बघायला आली होती. ती सगळीकडं बघायला जायची.

कुहूताईनं दार उघडून दाखवलं. "इथं तीन पोरं आणि दोन जनावरं राहतात. एक डाग दाखवा."

बिबट्यानं शोधला. सापडला नाही.

"पण पोरं कुठं आहेत?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"खोली नीट झाली की पोरं दिसत नाहीत. तीच तिची खूण."

बिबटीण खूश झाली. मग सगळे बाहेर आले आणि कुहूताईची नजर कुंपणावरून पलीकडं गेली.

"छे. यानं सगळी शोभा जाते," ती म्हणाली. "लोळाबाई, तुमचं अंगणही पांढरं करून देते. दोन घरं शेजारी शेजारी कशी शोभतील बघा. आधी ते वारूळ हलवू. गजोबा, नदीत टाका नेऊन."

हत्ती पुढं सरकला.

लोळाबाई कित्येक महिन्यांनी उठून बसली. "माझं अंगण? पांढरं? करा की हो ताई. मोहीची खोली ऐकून ऐकून मलाही वाटत होतं." मग ती वळली. "खरं सांग गं मोहे. तुझी कशी झालीय?"

सगळ्यांनी मोहाबाईकडं पाहिलं.

खरं सांगणं अवघड नव्हतं. तिथं राहता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण समोर सांबरीण उभी होती. बिबटीण कान टवकारून होती. आणि बोंडू वारुळाला टेकून आईच्या तोंडाकडं बघत होता.

"फार छान झालीय," मोहाबाई म्हणाली. "पण लोळे, तुला ते शोभायचं नाही."

"का?"

"डबक्यात वाकून बघ जरा. डुकरानं डुकरासारखं राहावं. पांढऱ्या अंगणात तू बसलीस तर लोक हसतील. आणि तुझ्यासारखी शेजारीण म्हणून मलाही हसतील."

झिपरोजीनं मान खाली घातली. मुलांनो, शेजारणीला असं बोलू नये. जिच्या अंगणात आपलं पोर जेवतं तिला तर मुळीच नाही. हे मोहाबाईला ठाऊक होतं. ती बोलली, आणि नजरही वळवली नाही.

लोळाबाईनं तिच्याकडं एकटक पाहिलं. मोहाबाई कमरेपर्यंत चिखलात होती. कानाला एक केळीची साल चिकटली होती.

"बघा हो, कोण बोलतंय," लोळाबाई म्हणाली. मग बोंडूकडं पाहिलं. त्याच्या बरगड्यांकडं पाहिलं. सावकाश खाली बसली. "जा तुम्ही, कुहूताई. नाही करायचं मला काही. उठून बसले तर कंबर दुखायला लागली."

"पण आत्ता तर हो म्हणालात."

"माझी लायकी नाही म्हणते ही. मग कशाला." आणि तिनं कूस बदलली.

हत्ती मागं सरकला.

बोंडूचं या सगळ्याकडं लक्ष राहिलं नव्हतं. त्याला भूक लागली होती. त्यानं नखानं भोक पाडलं. फुंकर मारली. धूळ उडून सरळ सांबरिणीच्या तोंडावर गेली. मग त्यानं ओठांचा चंबू केला आणि ओढलं. आवाज लहान होता, पण अस्वलाचा होता. त्यानं गिळलं. पुन्हा फुंकर मारली.

मोहाबाईनं त्याच्या डोक्यावरून पंजा फिरवला. डोकं चिखलानं माखलं. तिनं पुसलं नाही.

जाता जाता बिबटीण कुंपणाशी थांबली. "पांढरी खोली तुमचीच ना? मग तुम्ही सगळे इथं कसे?"

"शेजारधर्म," मोहाबाई म्हणाली.

बोंडूनं पुढं चांगलं अंग धरलं. कुटुंब लोळाबाईच्या अंगणातच राहिलं. पांढरी खोली जंगलात नावाजली गेली आणि दुरून दुरून लोक ती बघायला येऊ लागले. मोहाबाई त्यांना दाखवायला जायची आणि लगेच परत यायची. लोळाबाईनं कुणालाच हाकललं नाही. पोरांना ती "या रे" म्हणायची. मोहाबाईला मात्र मोहे म्हणेनाशी झाली. "या वहिनी, बसा," एवढंच म्हणायची.

तात्पर्य: लेकरं आणि जनावरं असलेल्या कुटुंबानं बैठकीची खोली जरूर सजवावी. फक्त त्याआधी शेजार पाहून घ्यावा. तो गबाळा असावा, आणि त्याला कधी सुधारू देऊ नये.